खंदारे काकांची पंगत

महिन्यातून एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी खंदारे काका गल्लीचा निरोप घ्यायचे. जिंतूरच्या ऑफिसातून बसने परभणीला परतले, की हातपाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ते प्रत्येक दारात उभे राहायचे. "चला, निघतो. आता रविवारी संध्याकाळीच भेट. काही काम आसंल तर आत्ताच सांगा." समोरचा म्हणायचा, "सांभाळून जा." काका गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचे, तिथून वळायचे आणि आपल्याच घरात शिरून आतून कडी लावायचे.

रविवारी संध्याकाळी ते बाहेर यायचे. दाढी वाढलेली, डोळे लाल. कट्ट्यावरचे लोक विचारायचे, "कसा झाला प्रवास?" काका म्हणायचे, "चांगला झाला. जरा गर्दी होती."

गल्लीची पक्की समजूत होती की काका कोंडून घेऊन खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करतात. समोरच्या मोरे काकू शुक्रवारी त्यांच्या हातावर दही-साखर ठेवायच्या. काका ती खायचे आणि समजूत जशीच्या तशी ठेवायचे. बढती काही व्हायची नाही. मोरे काकू हळहळायच्या, "येवढा अभ्यास करायलेत, पण निकालच लागंना बाई."

खरं काय ते तिघांनाच ठाऊक होतं. काका, काकी आणि मी. काका व्हिडिओ गेम बनवायचे.

अशा स्पर्धा जगभर चालतात. शुक्रवारी इंटरनेटवर एक विषय जाहीर होतो. त्या विषयावर हौशी लोक आपापल्या घरी बसून रविवारपर्यंत एक छोटासा गेम तयार करतात. मग आठवडाभर सगळे एकमेकांचे गेम खेळतात, गुण देतात, खाली शेरे लिहितात. बक्षीस काही नसतं. पन्नाशीला आलेला, पाटबंधारे खात्यातला लिपिक या भानगडीत कसा पडला, हे मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "ऑफिसात फाइल माझ्याकडून फुडं जाती, पण कुठं जाती ते दिसत न्हाई. इथं बटण दाबलं की माणूस उडी मारतो. दिसतंय ना डोळ्याला?"

मी यात आले ती इंग्रजीमुळे. गल्लीतून इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच. अकरावीत असताना एक दिवस काका मोबाइल घेऊन आमच्या फाटकापाशी आले. "इंग्लिशबाई, हा गडी काय म्हणायलाय बघ जरा. शिव्या देयलाय का तारीफ करायलाय?" तेव्हा मी कोणाशी बोलायचं टाळायचे. पण काका बोलायला लावत नव्हते, लिहायला लावत होते. तेवढं मला जमण्यासारखं होतं. मग पुढची पाच-सहा वर्षं त्यांच्या गेमची माहिती मी इंग्रजीत लिहिली आणि लोकांचे शेरे मराठीत सांगितले.

त्यांचा कॉम्प्युटर सामानाच्या खोलीत होता. एका बाजूला ज्वारीची कोठी, दुसऱ्या बाजूला गाद्यांचा ढीग, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि मध्ये एक पाय तारेनं बांधलेली प्लास्टिकची खुर्ची. मला बसायला उलटं घमेलं. आवाज सगळे घरातलेच असायचे. कुकरची शिट्टी म्हणजे आगगाडी. ताटावर पडलेले हरभरे म्हणजे पाऊस. एका गेममध्ये अंतराळयान उडायचं, त्या आवाजाच्या मागे काकी ओरडताना ऐकू यायच्या, "आवो, दूध उतू चाललंय!" लांबच्या देशातल्या एकानं मोठ्या आदरानं विचारलं होतं, की यान सोडण्यापूर्वीची ही सूचना कोणत्या भाषेत आहे? काकांनी ती काढली नाही. गेममध्ये काही बिघडलेलं सापडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "बग हाय, पण आपला हाय."

दुसरं वाक्य, "चालायलंय ना? मग झालं." हे ते गेमबद्दल म्हणायचे, पंख्याबद्दल म्हणायचे, स्वतःच्या तब्येतीबद्दलही म्हणायचे.

काकांना गुणांचं काही नव्हतं. यादीत पहिले आले काय, शेवटून दुसरे आले काय. त्यांची इच्छा एकच होती. कोणीतरी एकानं तरी त्यांचा गेम शेवटपर्यंत खेळावा. प्रत्येक गेमला ते शेवट करायचे. रविवारचा अर्धा दिवस त्या शेवटावरच जायचा. पण तिथवर कोणी पोचायचंच नाही. रोज सकाळी जिंतूरची बस पकडण्याआधी ते आमच्या फाटकापाशी येऊन माझ्याकडून शेरे वाचून घ्यायचे आणि मान हलवायचे. न्हाई.

लोक पोचत नसत, कारण काका काही समजावून सांगत नसत. त्यांच्या एका गेममध्ये देवगाव फाट्यावर बस पकडायची होती. खेळणारा स्टॉपवर उभा राहायचा. बस यायची, त्याच्यासमोरून निघून जायची. दुसरी यायची, तीही जायची. खाली शेऱ्यांची रांग लागली: बस थांबत नाही, गेम बिघडलाय.

"थांबती की," काका म्हणाले. "फुडं लिंबाखाली थांबती. पळाय पाहिजे."

"पण काका, त्यांना ते कसं कळणार?"

"तुला कोणी सांगितलं होतं?"

मला कोणीच सांगितलं नव्हतं. मी लहानपणापासून पळतच होते.

"तरी एक ओळ लिहू का? की पुढे पळा म्हणून?"

"न्हाई. सांगून पळाला तर त्यात काय मजा? खामखा."

मला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा जायच्या आधी एकच स्पर्धा मिळणार होती. काका गल्लीत निरोप घेत आमच्या दारी आले, तेव्हा आई म्हणाली, "तुमची इंग्लिशबाई चालली आता." काका म्हणाले, "जाऊ द्या. चांगलं हाय." मग जरा थांबून म्हणाले, "या टायमाला करतो एक पक्का."

त्या शुक्रवारी विषय आला, 'आणखी एक'. सगळ्या जगानं आणखी एक गोळी, आणखी एक शत्रू, आणखी एक मजला असले गेम केले. काकांनी लग्नाची पंगत केली.

मांडवात लोक ओळीनं बसलेत, पुढ्यात पत्रावळी. तुम्ही त्यातले एक. नऊवारीतली एक बाई पदर खोचून, बुंदीची बादली घेऊन येते आणि वाढते. एक कळ खाण्याची, एक कळ 'नको' म्हणायची, आणि चालायला बाण. एवढंच. आता आपल्याकडे पंगतीत नको म्हणण्याचा काय उपयोग असतो ते सगळ्यांना माहीत आहे. 'नको' दाबलं की बाई म्हणायची, "आसं कसं? घ्या की!" आणि दोन वाट्या जास्त वाढायची. पुन्हा 'नको' दाबलं की चार. पत्रावळीवर आडवे हात धरले तर बोटांच्या फटीतून वाढायची. शेवटी बुंदीचा डोंगर पडद्यावरून खाली सांडायचा, आणि गेम संपायचा. म्हणजे तो खरा शेवट नव्हे. खरा शेवट काय आहे ते काकांनी मलाही सांगितलं नाही. मी दहा-पंधरा वेळा खेळले आणि दर वेळी बुंदीखाली गाडली गेले. नको म्हणण्यात माझा हात कोणी धरला नसता, त्यामुळे माझं जरा जास्तच लवकर व्हायचं.

आठवडाभर शेऱ्यांचा नुसता पाऊस पडला. इतका आमच्या कुठल्याच गेमला पडला नव्हता. 'नको'चं बटण उलटं चालतंय. ही बाई कोणत्या पातळीवर मरते? एकानं लिहिलं की मला आधी खूप माया वाटली आणि मग मळमळायला लागलं. कोणीतरी तिला पिवळ्या गोळ्यांची राक्षसीण म्हटलं होतं. तो शेरा मी वाचून दाखवला तेव्हा काका हसले नाहीत.

"राक्षसीण न्हाई म्हणाव," ते म्हणाले. "लिही त्याला."

"काय लिहू? कोण आहे ती?"

"काई लिहू नको. ऱ्हाऊ दे."

गुरुवारी मी त्यांना विनवलं. "काका, रविवारी दुपारी मतदान बंद होईल. मी सोमवारी जाणार. एक ओळ लिहू द्या ना. एवढासा इशारा. कोणीतरी पोचेल हो शेवटाला."

काका बराच वेळ माऊस पुसत बसले. "सांगून केलेलं काय कामाचं?" ते म्हणाले. "ज्याला सुचंल त्याला सुचंल."

रविवारी दुपारी मतदान बंद झालं. कोणालाही सुचलं नव्हतं. मी शेवटचे शेरे वाचले, तेही बुंदीबद्दलच होते. काका म्हणाले, "चालायलंय ना? मग झालं." पण आवाजात दम नव्हता.

तेवढ्यात काकी आम्हाला जेवायला बोलवायला आल्या. काकींनी त्या कॉम्प्युटरला आजवर हात लावला नव्हता. त्याच्यावरची धूळसुद्धा त्या लांबून फडक्यानं झटकायच्या. त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले. "काय झालं? कोणी मेलंबिलं का त्याच्यात?"

"शेवटपर्यंत कोणी खेळलं नाही, काकी."

"येवढी दुनिया पडली हाय म्हणता, आन एकाला जमंना?" त्यांनी हात पदराला पुसले. "सरका तुमी. बघू दे, काय येवढं लावलंय यांनी दोन दिस घर कोंडून."

काका उठले. काकी तारेच्या खुर्चीत अगदी कडेला बसल्या. मी त्यांना कळा दाखवल्या. ही खायची, ही नको म्हणायची, हे बाण. पडद्यावर बाई आली आणि बुंदी वाढून गेली. काकींनी खाल्ली. बाई पुन्हा आली. काकींनी पुन्हा खाल्ली. नकोच्या कळीवर त्यांनी बोटच ठेवलं नाही. "वाढायलीय बिचारी, तर नको कशाला म्हणायचं?" पत्रावळ रिकामी झाली. बाई पुढच्या पंगतीकडे वळली.

"संपलं?" काकींनी विचारलं.

 काका दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

काकी पडद्याकडे बघत राहिल्या. "ही बाई कवाची उभी हाय," त्या म्हणाल्या. "हिला कोणी बसा म्हणलं का न्हाई?" आणि त्यांनी बाण दाबला. त्यांचा माणूस पंगतीतून उठला. जगात कोणी उठलं नव्हतं, सगळे बसल्या जागी नको-नको करत होते. माणूस हळूहळू चालत त्या बाईजवळ गेला. बाई थांबली. तिच्या हातातली बादली याच्या हातात आली. ती खाली बसली, खोचलेला पदर तिनं सोडला, आणि तिच्यापुढे एक पत्रावळ उमटली. काकींनी खाण्याचीच कळ पुन्हा दाबली, तर माणसानं तिला वाढलं. मांडवातला सगळा गलका बंद झाला. बाई जेवू लागली. संपेपर्यंत पडद्यावर दुसरं काही झालंच नाही.

मी आनंदानं ओरडणार होते. काकांकडे बघितलं आणि वर केलेले हात खाली घेतले.

काकी वळल्या. "ही आक्का हाय," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघून, गेमची माहिती सांगायचे तशाच आवाजात म्हणाले, "माझी मोठी बहीण. तिनंच सांभाळलं मला. आमचं लगीन झालं तवा ऊसतोडीला गेलती. मुकादमाला हातापाया पडून आली. येवढ्या पंगती उठल्या, समद्यांना तिनंच वाढलं. संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. ती जेवली का न्हाई, मी विचारलंच न्हाई. फुडं ती गेली. मग कोणाला विचारावं?"

"मला बळंच बुंदी वाढली व्हती तिनं," काकी म्हणाल्या. "नव्या नवरीला लाज वाटती, पोटभर जेवत न्हाई, म्हणली. आक्का तुमी बसा, आसं मीबी म्हणले न्हाई."

बाहेर कोणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. काकींनी पदरानं नाक पुसलं आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"आन हे काय? तिला निसती बुंदी वाढायलात? भात कुठंय?"

"टाइम न्हाई पुरला," काका म्हणाले. "रविवारी पाच वाजले व्हते."

"मंग आता करा. भात करा, वरण करा, वांग्याचं कालवण करा. बुंदीनं कोणाचं पोट भरतंय?"

"काकी, स्पर्धा बंद झाली," मी म्हणाले. "आता त्यात काही बदललं तरी कोणी बघणार नाही."

दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. काका खुर्चीत बसले, त्यांनी चित्रांची खिडकी उघडली आणि पत्रावळीवर एकेक पांढरा ठिपका टाकत भात वाढायला सुरुवात केली. काकी मागं उभ्या राहून बघत होत्या.

"मोकळा करायलात का?" त्यांनी विचारलं. "आक्काला मोकळा आवडायचा का मऊ?"

काकांचा हात थांबला. ते आठवत राहिले.

"म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

"मग मऊच करा. दमून आलेल्या माणसाला मऊ बरा."

काकांनी मान हलवली, आणि ठिपके पुसून ते पुन्हा जवळ जवळ काढू लागले.