हिलाल नाना आणि विषाणूची भाऊबंदकी

रस्त्यात कुत्र्याची शी दिसली की हिलाल नाना थांबतात आणि कुत्र्याचं पिल्लू दिसलं की पळतात. हे मी गमतीनं म्हणत नाही. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीत रोज सकाळी हेच घडतं. सत्तरीकडे झुकलेला, शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला एक सभ्य माणूस खिशातून काडी आणि डबी काढतो, उकिडवा बसतो, आणि बाकीचे लोक नाक धरून ज्याच्यावरून उडी मारतात त्याच्याकडे सोनारासारखे डोळे बारीक करून बघतो. तेवढ्यात समोरून एखादं गुबगुबीत पिल्लू शेपटी हलवत आलं, की हाच माणूस ताडकन उठून रस्त्याच्या पलीकडे जातो आणि तिथून हात झाडत त्याला हाकलतो.

आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, गृहस्थाचं डोकं ठिकाणावर नाही. शेजाऱ्यांनी सांगितलं की नाना जनावरांचे डॉक्टर होते, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. त्यानं माझं मत फारसं बदललं नाही.

नानांना वेड आहे पार्व्होचं. पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागते आणि चार दिवसांत खेळ खलास, असा तो रोग. नाना खान्देशभर हिंडून डब्या गोळा करतात. त्या बर्फात घालून आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवतात. तो मोठ्या शहरात प्रयोगशाळेत असतो आणि विषाणूची जनुकं वाचून कळवतो. काकू वारल्यापासून घरात हरकत घ्यायला कोणी नाही, म्हणून डब्या पाठवेपर्यंत नानांच्या फ्रिजमध्ये असतात. हे कळल्यापासून त्यांच्याकडचं थंड पाणी गल्लीत कोणी पीत नाही.

विद्यार्थ्याचं उत्तर आलं की त्यावरून नाना विषाणूची वंशावळ मांडतात. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर काढलेलं एक मोठं झाड आहे, फांद्या पार पंख्यापर्यंत गेलेल्या. एकदा लांबचे एक पाहुणे त्याला नानांच्या पाटील घराण्याची वंशावळ समजले आणि त्यात आपल्या आजोबांना शोधू लागले. नानांनीही त्यांना फार आपुलकीनं एकेक फांदी समजावून दिली. पाहुणे चहा न घेता गेले.

मलाही नानांनी ते समजावलं आहे. विषाणू स्वतःच्या नकला काढतो. नक्कल काढताना मधूनच चुकतो आणि ती चूक त्याच्या पोराबाळांत उतरते. ज्यांच्यात चूक सारखी, ते भाऊबंद. भाऊबंदांच्या चुका मला घरच्या अनुभवानं माहीत असल्यामुळे मी लगेच मान डोलावली.

त्यामुळे नानांचा कोणालाही पहिला प्रश्न एकच असतो, “येनं मूळ कोठलं शे?” माणूस असो, मांजर असो, मिरची असो, मूळ कुठलं ते आधी कळलं पाहिजे. पूर्वी गल्लीत मुलीला स्थळ आलं की नानांना विचारायची रीत होती, कारण ओळखी दांडग्या. धुळ्याला देवपुरातल्या एका घराबद्दल नाना म्हणाले की माणसं सोन्यासारखी आहेत, घर मोठं आहे, पण कुत्र्याला लस दिलेली नाही. मुलीच्या बापाला हा होकार की नकार तेच कळेना. पुढे ती रीत बंद पडली.

नानांच्या जिवाला एक घोर मात्र काही उन्हाळे लागून होता. दरवर्षी अखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, झाली की आमच्या भागातली पिल्लं आजारी पडायची, आणि त्यांच्यातला विषाणू जळगावच्या कुळातला नसायचाच. त्याचे सगळे भाऊबंद शिंदखेड्याकडच्या गावांत निघायचे. मधल्या धुळ्यात, अमळनेरात वेगळंच कूळ. म्हणजे तो एका कुत्र्याकडून दुसऱ्या कुत्र्याकडे असा चालत आला नव्हता, कशात तरी बसून आला होता. तिकडून पिल्लं यायची हे खरं, पण ती येताना ठणठणीत असायची आणि इथं रुळल्यावर आजारी पडायची. मग विषाणू बसला कशात?

नाना एसटी स्टँडवर जाऊन उभे राहू लागले. शिंदखेड्याकडून अखाजीचं माहेरपण करून परतणाऱ्या बायांना विचारायचे, माहेराहून काय काय आणलं. बाया सांगायच्या, पापड, कुरडया, सांजोऱ्या. एकीनं पिच्छा सुटावा म्हणून त्यांच्या हातावर सांजोरी ठेवली. नानांनी ती खाल्ली आणि मला येऊन सांगितलं की तपासात प्रगती नाही, पण सांजोरी उत्तम होती.

माझी बायको वैशाली शिंदखेड्याकडचीच. या अखाजीला ती माहेरी गेली आणि येताना पिशवीतून एक पिल्लू घेऊन आली. रंगावरून त्याचं नाव भुऱ्या पडलं. नानांनी रस्त्यापलीकडून त्याचं स्वागत केलं आणि तिथूनच लशीबद्दल मोठ्यानं व्याख्यान दिलं. पहिली लस आम्ही दिली, पण एका लशीनं भागत नाही. थोड्याच दिवसांत भुऱ्यानं खाणं सोडलं, मग उलट्या, मग जे व्हायचं तेच.

डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. वैशाली त्याच्या शेजारी बसून राहिली, तिच्या डोळ्याचं पाणी खळेना. आणि नाना समोरच्या घराच्या ओट्यापाशी उभे. फाटकाच्या आत यायला तयार नाहीत. शेवटी वैशाली दारात येऊन तिच्या माहेरच्या बोलीत त्यांना नाही नाही ते बोलली. जन्मभर कुत्र्यांची घाण चिवडता आणि एक जीव चाललाय तर आत यायला भिता, असं.

नाना म्हणाले, “भी नही ते काय करू? मन्हा बूटले बठ्ठा जिल्हाना रोग चिकटेल शे. तुन्हा पिल्लाले हात लावू, अन् उद्या दुसरा पिल्लाले मारू?”

बुटाला चिकटलेला विषाणू साबणानं मरत नाही, महिनोन्महिने टिकतो, म्हणून पिल्लू दिसलं की ते पळतात. इतकी वर्षं हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मग नानांनी एसटी स्टँडवरचा आपला प्रश्न विचारला. पिल्लाबरोबर काय काय आणलं?

काहीच नाही, ती म्हणाली. मग आठवून म्हणाली, गोणपाटाचा तुकडा तेवढा. कुत्री ज्या गोणपाटावर विते त्याचा तुकडा फाडून पिल्लाबरोबर देतातच. आईचा वास राहतो, पिल्लू नव्या घरी रडत नाही.

नाना ओट्यावर बसले. त्यांच्या घरीही लहानपणी हेच करायचे. पण पापड-कुरडयांच्या यादीत गोणपाटाचा तुकडा कोण धरतो? त्या गोणपाटावर आधीच्या वेताची पिल्लं आजारी पडून गेलेली असायची. आईच्या दुधाची राखण असते तोवर नव्या पिल्लाला काही होत नाही. ती राखण संपते तेव्हा ते असतं जळगावात, आणि आईचं गोणपाट अंगाखालीच. नानांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. वैशालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरी थाप हवेतच राहिली.

गोणपाटाचं टोक डबीत गेलं, उरलेलं आम्ही घमेल्यात जाळलं. पुढं विद्यार्थ्यानं कळवलं, कूळ तेच. पण त्याच्या कितीतरी आधी, एका सकाळी, भुऱ्यानं वाटीतलं पाणी चाटलं आणि ते पोटात ठरलं. वैशाली त्या दिवशी खूप रडली. मीही डोळे पुसले.

भुऱ्या वाचला, पण रडू लागला. जिथं गोणपाट असायचं तो कोपरा हुंगायचा आणि तोंड वर करून गळा काढायचा. काही केल्या झोपेना. नाना सकाळी डबी घेऊन निघाले तेव्हा वैशालीनं त्यांना फाटकातून विचारलं, तुमच्या सांगण्यावरून जाळलं, आता याला निजवू कसं?

तुझं अंगावरचं एखादं जुनं लुगडं दे, नाना म्हणाले. ती म्हणाली, गरम पाण्यात उकळून देते.

“धुवू नको,” नाना म्हणाले. “धुयं का वास जास.”

वैशालीला पटेना. रोगाला एवढं जपणाऱ्या माणसानंच न धुतलेलं कापड द्यायला सांगावं, हे तिला नवल वाटलं. तुम्हाला काय ठाऊक, असं ती म्हणाली. जवळ येता येत नसल्यामुळे नानांना जे सांगायचं ते रस्त्यापलीकडून, भाजीवाल्याच्या हाकेवर आवाज चढवूनच सांगावं लागलं.

“तुन्ही काकूनं लुगडं मन्हा उशीखाल शे. ती गयी तवपासून धुयेल नही.”

समोरच्या ओट्यावर दोघी तांदूळ निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. नाना चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसू लागले. वैशाली फाटकाला धरून उभी होती. तिनं विचारलं तेव्हा तिचा आवाज इतका हळू होता की मला वाटलं, नानांपर्यंत पोचलाच नसेल.

“अजून वास येस का, नाना?”

“नही,” नाना म्हणाले. “वास ते कधीच गया. पन झोप येस.”