तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामधली बाई

ज्या देशात एकच सरकार असते, तिथल्या नागरिकाच्या तोंडावर एकच दार बंद होते. आपल्याकडे राज्य आणि केंद्र अशी दोन सरकारे असल्यामुळे दोन दारे बंद होतात. यालाच जाणकार सत्तेचा समतोल म्हणतात, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे.

हा समतोल मूर्तिमंत पाहायचा असेल तर सौहार्द भवनात जावे. तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत राज्य, चौथ्यापासून सहाव्यापर्यंत केंद्र. गच्ची कोणाची याचा वाद कोर्टात आहे. (गच्चीवरची गळती मात्र ठरलेल्या सूत्राप्रमाणे वरून खाली झिरपते, आणि खालच्यांची कायम तक्रार असते की आपल्या वाट्याला कमी आली.) लिफ्टची मोटार केंद्राची, डबा राज्याचा. लिफ्ट ज्या मजल्यावर थांबेल, तिथल्या सरकारने आतल्या माणसाची जबाबदारी घ्यायची, असा सुंदर करार आहे. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबण्याबद्दल करारात एक अक्षर नाही. त्यामुळे ती तशी कधी थांबलेली नाही, असे दोन्ही सरकारांचे मत आहे.

त्या दुपारी ती थांबली, आणि आत चष्मेवाल्यांची बायको होती.

चष्मेवाले म्हणजे बाजारातल्या कोपऱ्यावर चष्म्यांचे दुकान असलेले गृहस्थ. सबंध आयुष्य लोकांना अक्षरे वाचायला लावण्यात गेल्यामुळे लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. त्यांच्या लेकीला परगावी नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रुजू व्हायचे, त्यासाठी संध्याकाळची गाडी पकडायची, आणि त्याआधी रहिवासाच्या दाखल्यावर दोन शिक्के घ्यायचे. अर्ज आईच्या सहीने केलेला होता, म्हणून लेक घरी बॅग भरत होती. आईवडिलांनी तिसऱ्या मजल्यावर राज्याचा शिक्का घेतला. चौथ्या मजल्यासाठी बाई दाखला घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या, चष्मेवाले जिन्याने निघाले. लिफ्ट धक्का खाऊन थांबली तेव्हा बाईंचे डोके केंद्रात होते आणि पाय राज्यात.

चष्मेवाले धावत तिसऱ्यावर गेले. अधीक्षकांनी खाली वाकून फटीतून पाहिले.

"चपला आमच्या हद्दीत आहेत, नाकारत नाही," ते म्हणाले. "पण तक्रार माणूस तोंडाने करतो ना? तोंड वर आहे. तुम्ही वर जा."

चौथ्यावरच्या उपसचिव बाईंनी वरच्या फटीतून पाहिले. त्यांचा स्वभाव फार गोड होता.

"चेहरा दिसतोय हो. पण त्या उभ्या कुठे आहेत, ते बघतात. पाय खाली आहेत ना? मग तो राज्याचा विषय. राज्यांच्या अधिकारात आम्ही कधी ढवळाढवळ करत नाही."

"अहो," आतून आवाज आला, "वर ओढा नाहीतर खाली ढकला, पण पाच वाजायच्या आत मला काढा! पोरीची गाडी आहे!"

"बघा, त्यांचंसुद्धा नक्की नाही," उपसचिव म्हणाल्या.

चष्मेवाल्यांच्या दुकानात दोन नजरांचा एक चष्मा मिळतो, वरून लांबचे दिसते आणि खालून जवळचे. मधल्या रेघेतून पाहिले तर काहीच दिसत नाही आणि माणूस पायरी चुकतो, असे ते प्रत्येक गिऱ्हाईकाला बजावत. आज ते स्वतः वर-खाली इतक्या वेळा गेले की दोनदा पायरी चुकले.

दरम्यान बाईंना घेरी येऊ लागली. सरकारे काही निर्दयी नसतात. केंद्राने ताबडतोब चहाची योजना मंजूर केली. चहा आणि पाणी केंद्राचे, दूध आणि साखर राज्याची, कपावर नाव केंद्राचे. राज्याने कपावरच्या नावाला हरकत घेतली आणि आपला हिस्सा अडवला. मग काळे, अगोड पाणी फटीपर्यंत येऊन परत गेले. (वर्षअखेरीच्या अहवालात याची नोंद 'चहा वितरित' अशी आहे. राज्याच्या अहवालात 'साखर बचत' अशी.)

"दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते हेच," बाई आतून म्हणाल्या.

इतक्यात कोणीतरी बाईंच्या चपलांचा फोटो काढला आणि तो गावभर फिरला. इथून प्रकरणाने वळण घेतले. आतापर्यंत बाई कोणाच्याच नव्हत्या, त्या एकाएकी दोघांच्या झाल्या. राज्याने जाहीर केले की आमच्या मातेचे पाय आमच्या मातीत आहेत, बाहेरच्यांनी तिला हात लावून दाखवावा. केंद्राने जाहीर केले की मातेचे मस्तक राष्ट्राच्या छत्राखाली सुरक्षित आहे, काही संकुचित शक्ती तिला खाली खेचू पाहत आहेत. दोन्ही निवेदनांत तिला बाहेर काढण्याचा उल्लेख राहून गेला, पण निवेदनाला जागेची मर्यादा असते.

मग दोन पथके आली. वरच्यांनी लिफ्ट वर ओढायला सुरुवात केली, खालच्यांनी खाली. साहेब एकमेकांशी अदबीने बोलत होते, पण चहापेक्षा किटली गरम, या न्यायाने दोन्हीकडचे शिपाई जिन्यात बाह्या सरसावून उभे राहिले. तासाभरात लिफ्ट जितकी वर गेली तितकीच खाली आली. त्या दिवशी दोन्ही सरकारांनी आपापले उद्दिष्ट शंभर टक्के गाठले.

बाईंना मात्र घड्याळ दिसत होते. त्यांनी दाखल्याची घडी करून वरच्या फटीतून हात बाहेर काढला. "अहो, माझं राहू दे. एवढा शिक्का तरी घ्या!"

चष्मेवाल्यांनी कागद चौथ्यावरच्या खिडकीशी नेला. कारकून म्हणाला, अर्जदार मजल्यावर समक्ष हजर हवा. उपसचिव बाईंनी फटीतून आलेल्या हाताकडे पाहिले, फोटोवाल्याकडे पाहिले आणि उदार मनाने निर्णय दिला की हात हजर आहे, सबब अर्जदार हजर आहे. केंद्राचा शिक्का बसला. चष्मेवाल्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

ही बातमी जिन्याने खाली पोचली. अधीक्षकांनी दाखला मागवून घेतला आणि दुःखी चेहऱ्याने वाचला. पाय राज्यात असलेल्या अर्जदाराला केंद्राने परस्पर हजर धरले, हे राज्याच्या अधिकारावर अतिक्रमण होते. व्यक्तिशः त्यांचा बाईंवर काहीच राग नव्हता. तत्त्वाचा प्रश्न होता. त्यांनी राज्याच्या शिक्क्यावर तिरकी रेघ मारून 'रद्द' लिहिले आणि खाली झोकदार सही केली.

पाच वाजले. दोन्ही सरकारांचे ज्या एका बाबतीत पूर्ण एकमत आहे, ती ही वेळ. पथकांनी हात सोडले, दिवे गेले, मंडळी जिना उतरू लागली. आणि आता कोणीच ओढत नाही म्हटल्यावर लिफ्ट आपली आपण सावकाश खाली आली, तळमजल्याला टेकली आणि तिचे दार उघडले. (हे कसे घडले याचा तपास दोन समित्या करत आहेत.) बाई पदर सारखा करत बाहेर आल्या. "शिक्का मिळाला?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

लेक बॅग घेऊन थेट भवनातच आली होती. तिने बापाच्या हातातला कागद पाहिला. एक शिक्का धड, एकावर रेघ. खिडक्या उद्या सकाळी उघडणार होत्या, आणि उद्या सकाळी ती परगावी हजर नसली तर जागा दुसऱ्याला जाणार होती. चष्मेवाल्यांना रडू फुटले. जन्मभर ज्या लिहिण्यावर विश्वास ठेवला, त्यावरच कोणीतरी रेघ मारली होती. बाईंनी लेकीच्या हातातली बॅग काढून घेतली आणि तिला जवळ ओढले.

मग लेकीने विचारले, "बाबा, तुम्ही मत कोणाला दिलं होतं?"

चष्मेवाल्यांनी डोळे पुसले. "विचार करून दिलं होतं, बाळ. वर एका पक्षाला, खाली त्याच्या वैऱ्याला. सगळं एकाच्याच हातात गेलं की माजतात. दोघं एकमेकांना अडवतील, आपण मध्ये सुखी राहू."

"मीपण तस्संच," बाई म्हणाल्या.

जिन्यावर थांबलेल्या साऱ्या मंडळींनी माना डोलावल्या. प्रत्येकाने अगदी तसेच मत दिले होते. लेकीने तेवढी मान डोलावली नाही. तिचे मत अजून कोणी घेतलेले नाही.

चष्मेवाल्यांचे हे बोलणे वाचताना तुमचीही मान हलली. नाही म्हणू नका. आता गाडी सुटायला थोडाच अवकाश आहे. पोरीला काय सांगायचे, ते तुम्हीच सांगा.