पाचवा वाचक

ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्या माणसाला काय शिक्षा करावी, सांगा बरं? माझं उत्तर तयार होतं: सभासदत्व रद्द! मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील दर आठवड्याला कशाच्या ना कशाच्या निषेधाचं पत्रक काढायचे आणि मी त्याच्या घड्या घालायचे. त्यामुळे शेवगावच्या एका छोट्या ग्रंथालयात दुपारची नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी दारावर पत्रक चिकटवलं: "पुस्तक ही जनतेची मालमत्ता आहे! त्यात लिहिणं हा जनतेवर अन्याय आहे!"

दुसऱ्या दिवशी त्याखाली शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "मुद्दा बरोबर. उद्गारचिन्हे जास्त. नोंद घ्यावी."

येता-जाता "नोंद घ्या" म्हणणारा माणूस गावात एकच. भानुदासतात्या.

तात्या तीस वर्षं एका संग्रहालयात पहारेकरी होते. निवृत्त होऊन गावी आले, पण हात पाठीमागे बांधलेलेच राहिले. बाजारात ते वांग्यांच्या ढिगासमोर उभे राहतात, वाकून निरखतात, आणि बोट न लावता सांगतात, "डावीकडून तिसरं द्या."

"तात्या, हातानं घ्या की. वांगं हाय, देव न्हाई," भाजीवाल्या मावशी वैतागतात.

"हाताचा घाम लागतो, मावशी. वस्तू खराब व्हती."

लग्नाला गेले की नवरा-नवरीपुढे रेंगाळणाऱ्यांना ते हळूच म्हणतात, "पुढं चला, मागच्यांनाबी बघू द्या." एकदा नवरीच्या मामालाच पुढे सरकवलं होतं.

असा माणूस पत्रकावर एक ओळ लिहील, पण पुस्तकात लिहील, हे माझ्या मनातही आलं नाही.

माझं पत्रक ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला फार आवडलं. ठराव झाला: पुस्तकांतलं सगळं लिखाण खोडावं. आणि ते मीच खोडावं. मी खोडरबर घेऊन कपाटं उपसायला बसले. रहस्यकथांच्या पहिल्याच पानावर चोराचं नाव लिहून ठेवणारे महाभाग आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना खोडताना मला मनापासून आनंद झाला.

मग एक कादंबरी हाती आली. संग्रहालयातून एक अत्तरदाणी नाहीशी होते आणि एक निवृत्त बाई चहा पीत पीत चोर शोधते. रक्त नाही, पिस्तूल नाही. पण मागच्या कोऱ्या पानावर वाचकांची भरगच्च सभा भरली होती.

"पहारेकरी दुपारी झोपलेला दाखवला आहे. चूक. खुर्ची पत्र्याची असते, झोप लागत नाही. — एक वाचक, बोधेगाव."

"बोधेगावशी असहमत. मी पाहिले आहे, झोपतात. — एक वाचक, पाथर्डी."

"पाथर्डीकरांनी डोळे मिटणे आणि झोपणे यांतला फरक शिकावा. — माजी शिक्षक, ढोरजळगाव."

"भांडू नका. पुस्तक चांगले आहे. खून नसल्यामुळे जेवताना वाचता येते. — एक गृहिणी, अमरापूर."

प्रत्येकाचं अक्षर वेगळं. बोधेगावचं तिरपं, गृहिणीचं गोल. माझा खोडरबर थांबला. दुष्काळी तालुक्यात, एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीवर, माणसं एकमेकांशी वाद घालत होती! ही खरी लोकशाही! या चौघांना बोलावून जाहीर चर्चा घ्यायची, असं मी ठरवलं. नवं पत्रक मनात तयारही झालं. पत्ते काढायला नोंदवही उघडली.

ते पुस्तक एकाच माणसाने नेलं होतं. पुन्हा पुन्हा. भानुदासतात्या. आणि तेही दरवर्षी दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच.

मी तावातावाने त्यांच्या गल्लीत गेले. दुपारचे चार वाजले असतील. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. अकरा घरं, अकरा कुलपं. सगळी गल्ली ऊसतोडीला गेलेली. तात्या एकेक कुलूप ओढून बघत होते आणि "बंद. बंद. हेबी बंद," असं स्वतःलाच सांगत होते. कमरेला अकरा किल्ल्या, प्रत्येकीला क्रमांकाची चिठ्ठी.

"तात्या, बोधेगावचा आणि पाथर्डीचा वाचक तुम्हीच ना?"

ते थबकले. "व्हय."

"ढोरजळगावचे गुरुजी?"

"मीच."

"आणि अमरापूरची गृहिणी?"

तात्या चक्क लाजले. "तीबी."

"कशासाठी हे सोंग?"

"बसा, म्याडम," म्हणत त्यांनी मला घरात नेलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला. "तीस वर्सं बघितलं. ज्या कपाटापुढं कुनी उभं नसतं, तिथं कुनी थांबत न्हाई. आत सोन्याची वस्तू असू द्या, मानूस पुढं जातो. पन तिथं चार मानसं उभी असली ना, की पाचवा येतोच. म्हनून चार उभी केली."

"मग पाचवा आला का?"

"वाट बघतोय. नोंद घ्या, लई दिस न्हाई झाले. पाचच वर्सं."

मी पुस्तक बरोबर आणलं होतं. शेवटचं प्रकरण त्यांच्यापुढे धरलं. चोर सापडल्यावर सगळे बागेत बसून चहा पितात, तिथे समासात एक ओळ होती. खाली गावाचं नाव नव्हतं, सही नव्हती. "सगळे चहा पितात. पहारेकरी कुठे आहे?" आणि खालची जागा कोरी.

"याचं उत्तर पाथर्डीकरांनी नाही दिलं?"

"त्यांना काय म्हाईत?" तात्या म्हणाले. "मलाच न्हाई म्हाईत, पोरी."

मी म्हणाले, लेखक विसरला असेल. ते म्हणाले, "तसंच असंल. दाराशी असलेलं मानूस दिसत न्हाई." घरात खुर्च्या दोन होत्या. एकीवर मी बसले. दुसरी रिकामी ठेवून तात्यांनी आपला कप उंबऱ्याशी उभं राहून संपवला. त्यांना ते खटकलंही नसावं.

कार्यकारिणीला मी लेखी कळवलं, सगळं लिखाण खोडलं आहे. आयुष्यातलं माझं हे पहिलं खोटं निवेदन. एक पुस्तक मी नजरेआड केलं. उत्तर मात्र मला लिहिता येत नाही. किती वेगळं अक्षर काढलं, तरी ओळीच्या शेवटी माझं उद्गारचिन्ह येईल आणि तात्या लगेच ओळखतील.

म्हणून तुम्हाला विनंती. शेवगावला आलात, तर दुपारी ग्रंथालयात या आणि माझ्याकडे ते अत्तरदाणीचं पुस्तक मागा. शेवटचं प्रकरण वाचा. पहारेकरी कुठे होता, त्याला चहा मिळाला का, तुम्हाला वाटेल ते समासात लिहा. खाली तुमच्या गावाचं नाव घाला. पेन्सिल मी देईन.