झोंबी, मी आणि होऊ घातलेला जावई

'बघतो' हा मराठीतला सगळ्यात सुरक्षित शब्द आहे. विमा ऑफिसातली आजवरची अख्खी नोकरी मी या एका शब्दाच्या जिवावर काढली. 'बघतो' म्हटलं की समोरच्याला नकार मिळत नाही आणि आपल्यामागे काम लागत नाही. पण त्या शुक्रवारी संध्याकाळी मी कर्वे रस्त्यावरून स्कूटर ढकलत (हो, ढकलत, पेट्रोल संपलं होतं) कोथरूडला घरी पोचलो, सोफ्यावर कोसळलो, आणि आमच्या प्रियदर्शनीने काहीतरी विचारलं तेव्हा तोंडातून 'बघतो'ऐवजी 'खेळतो' निघून गेलं.

तिने विचारलं होतं, "बाबा, रविवारी तेजस आणि त्याचे आप्पा आपल्याकडे येतायत. त्याआधी तू तेजसचा गेम एकदा खेळून बघशील?"

तेजस म्हणजे तिने स्वतः निवडलेला मुलगा. हिंजवडीत चांगली नोकरी होती. ती सोडून त्याने मित्रांबरोबर एक व्हिडिओ गेम बनवला होता. त्याचे वडील आप्पासाहेब वाघोलीचे. नगर रोडला त्यांचं मंगल कार्यालय होतं, मागे मोठे लॉन्स. मुलाने ते सांभाळायचं सोडून 'मढ्यांचा खेळ' करत बसावं हे त्यांना अजिबात मान्य नव्हतं. रविवारी येऊन ते दोन निकाल लावणार होते, एक लग्नाचा आणि एक गेमचा. गेममध्ये काही अर्थ असेल तर पोराला आणखी एक वर्ष मिळणार. नसेल तर त्याने गपगुमान कार्यालयात बसून मांडववाल्यांशी भांडायचं.

"आणि ते तुलाच विचारणार आहेत," प्रियदर्शनी म्हणाली. "कोथरूडची माणसं शिकलेली असतात असं त्यांना वाटतं."

"मग सांगतो की चांगला आहे. त्याला खेळायला कशाला पाहिजे?"

"बाबा, तुला खोटं बोलता येत नाही. तुझे कान लाल होतात."

(हे खरं आहे. माझी बायको कौशल्या हिने माझ्या कानांवर नजर ठेवूनच संसार केला.)

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर प्रियदर्शनीने तिचा लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला, 'प्रियाचे बाबा' या नावाने मला गेममध्ये घुसवलं, कुठलं बटण कशाचं ते सांगितलं आणि मैत्रिणीकडे निघून गेली.

गेमची कल्पना अशी की एका शहरात साथ येते. माणसं मरतात, पुन्हा उठतात, म्हणजे झोंबी होतात आणि दिसेल त्याला चावत सुटतात. जिवंत असे आपण एकटेच. आपण फक्त तगून राहायचं. जितका वेळ तगाल तितकं तुमचं नाव खेळणाऱ्यांच्या यादीत वर.

मला वाटलं बंदूक मिळेल. मिळाली बादली.

'खाली जाऊन पाणी आणा,' असं पडद्यावर आलं. मी पडद्यावरच्या माझ्या माणसाला खाली नेलं. टाकी रिकामी. 'टँकर शोधा.' शोधला. बादली भरली. परत आलो तर लिफ्ट बंद. जिना चढायला लागलो तर दुसऱ्या मजल्यावर माझा माणूस कठड्याला धरून धापा टाकायला लागला. इथे मला पहिल्यांदा त्याच्याविषयी आपुलकी वाटली. कारण त्याच दिवशी सकाळी मी आमच्या सोसायटीच्या टँकरपुढे उभा राहिलो होतो आणि त्याच मजल्यावर, तसाच कठडा धरून, तशाच धापा टाकल्या होत्या. फरक इतकाच की मला तिथे 'शक्ती कमी आहे' असं कोणी लिहून दाखवलं नव्हतं.

पाण्यानंतर जळण. जळणानंतर पुन्हा पाणी. झोंबी काही येईनात. शेवटी मीच कंटाळून चौकात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, या आणि चावा एकदाचे. बऱ्याच वेळाने एक झोंबी आला. माझ्या दिशेने येता येता मध्येच वळला, विजेच्या खांबाला जाऊन धडकला, आणि तिथेच पाय हलवत राहिला.

कौशल्या मेथी निवडायला शेजारी येऊन बसली.

"हा कोण?"

"झोंबी."

"झोंबतो का?"

"अजून तरी नाही."

"मग खांबाशी काय करतोय?"

"काय माहीत."

"चुकला असेल. आणि तुम्ही काय करताय?"

"मी पाणी भरतोय."

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. "घरात बादली उचला म्हटलं की तुमची कंबर धरते. आणि इथे भरताय?"

मी मुकाट्याने माझ्या माणसाला गेममधल्या घरात नेलं.

"आधी ती खोली झाडून घ्या. केवढा कचरा!"

"अगं, जग बुडालंय."

"म्हणून झाडायचं नाही?"

जग बुडाल्यावरही बोलणी चुकत नाहीत, हे कळल्यावर माझी जगण्याची इच्छाच गेली. (दोन्हीकडची.) मी माझ्या माणसाला अडगळीच्या खोलीत एका कोपऱ्यात बसवलं, आणि सोफ्यावर पाय लांब केले.

जाग आली ती चहाच्या वासाने. लॅपटॉप तसाच चालू होता. तो माणूसही तसाच बसलेला होता. मी झाकण लावून टाकलं आणि गेम संपला असं समजलो.

रविवारी पाहुणे आले. आप्पासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, मनगटात जाडजूड कडं, आवाज असा की आमच्या खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली. तेजस शांत, डोळ्यांखाली काळं, सारखा नखं कुरतडणारा. पोहे झाले, हवापाणी झालं, आणि आप्पासाहेबांनी मुद्द्याला हात घातला.

"पाव्हणं, मी अडाणी मानूस. ह्यो म्हनतो लई भारी हाय. त्याचे दोस्तबी म्हनत्यात लई भारी हाय. तुमी खेळलाय म्हनं. खरं सांगा, खेळात दम हाय का न्हाई?"

माझे कान तापले. प्रियदर्शनीने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मी 'बघतो' म्हणण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात तेजसच उसळून म्हणाला, "आप्पा, काकांना काय विचारताय! काका सगळ्यांत पहिले आलेत!"

"आं?" हे मी आणि आप्पासाहेब एकदमच म्हणालो.

"काल बघितलं मी. 'प्रियाचे बाबा' सगळ्यांत वर. आमच्या टीममध्येसुद्धा एवढा वेळ कोणी तगलेलं नाही. काका, मला झोप नाही लागली. कसं केलंत?"

आप्पासाहेबांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. माझ्याकडे असं घरात यापूर्वी कोणी पाहिलेलं नाही. "आसं व्हय! मग दावा की आमालाबी."

"हो, दाखवा ना," स्वयंपाकघरातून आवाज आला. "मलाही बघू दे तुम्ही कसे जगता ते."

इलाज नव्हता. लॅपटॉप टीपॉयवर आला. मी माझ्या माणसाला त्याच कोपऱ्यात नेलं आणि बसवलं. सगळे श्वास रोखून बघत राहिले. चहा आला, चहा संपला.

"आता काय हुनार?" आप्पासाहेब कुजबुजले. (म्हणजे सोसायटीभर ऐकू गेलं.)

"आता वाट बघायची."

बाहेर झोंबी जमले होते, पण भिंतीकडे तोंड करून उभे होते. बसला उशीर झाल्यावर माणसं उभी राहतात तसे.

"आत का येईनात? दार तर उघडं हाय."

तेजस पुढे वाकला. त्याचा चेहरा उतरत गेला. "बसलेला माणूस त्यांना दिसतच नाहीये," तो पुटपुटला. मग माझ्याकडे वळला. "काका, काल तुम्ही नक्की काय केलंत?"

"झोपलो होतो."

प्रियदर्शनी जमिनीकडे बघत होती. तेजसने हळूच विचारलं, "मग गेम... कसा वाटला?"

'छान' म्हणायला मी तोंड उघडलं. पण खोटं बोलायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

"कंटाळवाणा वाटला रे," मी म्हणालो. "मी रोज पाणी भरतो, जिने चढतो, दमतो. घटकाभर वेगळं काही करावं म्हणून तुझ्या गेममध्ये आलो, तर तिथेही पाणी आणि जिने. घाबरवायला म्हणून कोणी यावं, तर तो खांबाशी अडकलेला. तुझ्या आप्पांना खोटं सांगणार होतो, पण नाही जमत."

प्रियदर्शनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला स्वतःचा भयंकर राग आला. पोरीने एक साधं काम सांगितलं होतं.

तेजसने पडद्यावरच्या माणसाला उठवलं, पुन्हा खाली बसवलं. मग म्हणाला, "सगळे 'मस्त आहे' म्हणतात आणि थोड्या वेळात बंद करतात. का, ते कोणी सांगतच नव्हतं."

"मी सांगत हुतो की!" आप्पासाहेब गरजले.

"आप्पा, तुम्ही एकदा उघडूनही बघितला नाहीत."

हे त्यांना लागलं. ते म्हणाले, "आन हिकडं."

त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एका बोटाने खेळायला लागले. पाणी भरलं नाही, जिना चढले नाहीत, सरळ गर्दीत घुसले. "आरं, ह्याला खांबापसनं बाजूला तरी करा कुनीतरी! आनि ही काय गर्दी? आशी असती व्हय गर्दी? तेजा, लॉन्सवर जेवान सुरू झालं म्हनून कुनी वरडलं की मानसं कशी येत्यात, बघितलंयस का? आदी दोन-चार जन उगंच हिंडत्यात. मग एक जन ताटाला हात लावतो. की सगळा मांडव उठतो! म्हाताऱ्यास्नीबी ढकलत्यात! आसं यायला पायजे ह्यांनी!"

तेजस वडिलांकडे बघतच राहिला. मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला. "आप्पा, पुन्हा सांगा. आधी हिंडतात, मग?"

बाप-लेक काळोख पडायला लागेपर्यंत बोलत होते. लग्न, पंगती, धक्काबुक्की, जिलबीसाठी झालेली मारामारी. निघताना आप्पासाहेब म्हणाले, "पाव्हणं, वरीस दिलं त्याला. आनि लगीन आपल्याच लॉन्सवर करू. पर जेवायला गर्दीच्या आदी बसा बरं का." प्रियदर्शनी माझ्या गळ्यातच पडली. असं ती शाळेत असताना शेवटचं पडली होती.

दारात तेजस घुटमळला. "काका, हॉलमधून किचनपर्यंत जरा चालून दाखवता? मोबाइलवर घ्यायचंय. गेमसाठी."

मी गहिवरलो. "शर्ट बदलून येऊ का?"

"नको नको, असेच. ऑफिसमधून आल्यावर चालता ना, तसे."

मी चाललो. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या संभाजीला सांगून टाकलं की होणाऱ्या जावयाने मला गेमचा हीरो केलाय. संभाजीने ते कॅन्टीनपर्यंत पोचवलं. आमच्या सोनाली मॅडमनी तर केबिनमध्ये बोलावून अभिनंदन केलं. (रजा मात्र दिली नाही.)

काही महिन्यांनी नवा गेम आला. आम्ही सगळे लॅपटॉपपुढे बसलो. बादली गेली होती. आणि गर्दी! आधी दोन-चार जण हिंडत होते, मग एकदम सगळा रस्ता उठला. मी पळालो, एका घरात शिरलो, दार लावलं. दार ढकलून पहिला झोंबी आत आला. एक खांदा खाली, हात कमरेवर, तोंड अर्धवट उघडं, शर्ट एका बाजूने बाहेर. तो हॉलमधून किचनकडे निघाला.

"अय्या!" कौशल्या म्हणाली. "अगदी हुबेहूब!"

हीरो भलताच कोणीतरी होता, दंडबिंड असलेला. तेजस सगळ्यांपुढे लाजून म्हणाला की काका, तुमची चाल इतकी नॅचरल होती की हीरोसाठी वाया घालवावीशी वाटली नाही. होणारा जावई पडला, मी काय बोलणार?

गेम बरा चाललाय. परवा प्रियदर्शनीने एका अनोळखी माणसाचा अभिप्राय वाचून दाखवला. 'बाकीचे झोंबी ठीक. पण किचनकडे जाणारा तो एक अप्रतिम आहे. हा माणूस कधीच मेलाय, फक्त उद्या ऑफिस आहे म्हणून त्याला ते कोणी सांगितलेलं नाही, असं वाटत राहतं.'

कौशल्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढून तो पुन्हा एकदा सावकाश वाचला.

"कोण लिहिणारा आहे हो?" ती म्हणाली. "चांगला अभ्यास दिसतोय."