तोरुनचा मुरंबा, चाळीस पॅलेट

"एकक म्हणून काय निवडू?" लॅपटॉपमधून मान वर न काढता हाल्वोरनं विचारलं.

पातेल्यात मोल्टे या दलदलीतल्या रानफळाचा केशरी मुरंबा रटरटत होता. तोरुन तो ढवळता ढवळता म्हणाली, "बरणी. दुसरं काय?"

"बरणी असं कुठे नाहीच इथे. नुसती दोन-दोन अक्षरं आहेत."

"मग फोन करून विचार की त्यांना."

"फोन कशाला? जन्मभर फेरीबोटीची इंजिनं सांभाळली मी. दोन अक्षरांना भिऊ होय?"

तोरुनचा मुरंबा आजवर जत्रेत आणि चर्चच्या बाजारात खपायचा. यंदा पहिल्यांदाच एका मोठ्या दुकानसाखळीनं तो आपल्या चाळीस दुकानांत ठेवून बघायचं कबूल केलं होतं. अट एकच. मागणी, होकार, मालाची वर्दी, सगळं ठरलेल्या साच्यात, त्यांच्या संगणकाशी आपल्या संगणकानं बोलायचं. आणि पहिलीच खेप चुकली, तर नाव बाद.

हाल्वोरनं यादी चाळली. एका अक्षरजोडीसमोर लिहिलं होतं, 'लाकडी तळावरचा माल'. त्यानं मागे वळून पाहिलं. बरण्या गार व्हायला लाकडी फळीवरच तर ठेवल्या होत्या! त्यानं समाधानानं बटण दाबलं.

मागणी आली, मोल्टे मुरंबा, चाळीस. हाल्वोरनं लगेच होकाराचं बटणही दाबलं. तोरुननं चाळीस बरण्या पुसून लख्ख केल्या, घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवल्या आणि नवराबायको निघाले.

गोदामाच्या दारात खुद्द प्रमुख सिग्वे उभा होता. त्याच्यामागे फोर्कलिफ्टची रांग.

"चाळीस पॅलेट मुरंबा तुमचाच ना? ट्रक कुठाय?"

"ट्रक कशाला?" तोरुन म्हणाली. "माल तर माझ्या मांडीवरसुद्धा मावला असता."

सिग्वेनं गाडीत डोकावून पाहिलं. एका पॅलेटवर, म्हणजे यादीतल्या त्या लाकडी तळावर, बरण्यांची माणसाएवढी भिंत उभी राहते. अशा चाळीस भिंतींची वाट बघत तो सकाळपासून उभा होता.

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? दलदलीत डासांनी फोडून काढलंय मला!"

"अगं, पण जागा करायला मी कागदी रुमालांचा डोंगर हलवलाय. शनिवार असून माणसं बोलावलीत!"

तोरुननं हाल्वोरकडे पाहिलं. हाल्वोर गाडीच्या टायरमधली हवा बघू लागला.

"बरं, चाळीस बरण्या अशी दुरुस्ती कर," ती म्हणाली.

"आता माल दारात आल्यावर नाही होत. चाळीस पॅलेट मोजली गेली नाहीत, तर यंत्र तुझं नाव काढून टाकेल. मी नाही हं, यंत्र!"

तोरुनचा चेहरा पडला. तेवढ्यात फोर्कलिफ्टवरून योरीद नावाची बाई ओरडली, "सिग्वे, पॅलेटवर कमीत कमी किती माल हवा, असं लिहिलंय का रे कुठे?"

सिग्वेनं शोधलं. कुठेच लिहिलं नव्हतं.

मग काय! एकेका पॅलेटवर मधोमध एक बरणी, भोवती पारदर्शक प्लास्टिक, वर चिकटवलेलं लेबल. लेबल एवढं मोठं, की मागची बरणी दिसेना. यंत्रानं चाळीस वेळा आनंदानं 'टिंग' केलं. फोर्कलिफ्ट एकेक बरणी उचलून छताशी नेऊ लागली, तशी तोरुन खालून ओरडायची, "हळू रे बाबा, हळू!" शेवटची बरणी वर गेल्यावर तिनं चवीसाठी आणलेली जादा बरणी उघडली, आणि शनिवारी कामाला बोलावल्याचा राग सगळे जण चाटूनपुसून विसरले.

पण यंत्र तिथे थांबलं नाही. सोमवारी पहाटे त्यानं प्रत्येक दुकानाला एकेक पॅलेट धाडलं. एवढ्या थोरल्या पॅलेटवर एकटीच बरणी बघून दुकानदारांना वाटलं, हे काहीतरी अनमोलच असणार. कुणी ती दिव्याखाली ठेवली, कुणी कुलपात. एका दुकानात तर पाद्री आणि दंतवैद्य एकाच बरणीला दोन बाजूंनी धरून उभे होते.

दुपारी सिग्वेचा फोन आला. "तोरुन, संपला! सगळीकडे संपला!"

ती नाचतच स्वयंपाकघरात आली. हाल्वोर तिथे छाती फुगवून बसला होता.

"मी चूक दुरुस्त केली बरं का! या खेपेला फोन करून विचारलं. आता बरणी म्हणजे बरणी."

"शहाणा माझा!" म्हणत तिनं त्याच्या टकलाचा मुका घेतला.

लॅपटॉपनं 'टिंग' केलं. यंत्रानं आपला हिशोब चोख मांडला होता. चाळीस पॅलेट सकाळभरात संपली, तेव्हा तेवढाच माल पुन्हा पाठवा. फक्त आता बरण्यांत मोजून, चाळीस भरगच्च भिंतींच्या बरण्या.

तो आकडा हाल्वोरनं एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अगं, अख्ख्या नॉर्वेत तरी एवढी मोल्टे असतील का?"

तोरुननं त्याच्या खांद्यावरून वाकून आकडा वाचला. होकाराचं बटण अजून दाबायचं होतं.

"हाल्वोर," ती लाडानं म्हणाली, "तुझं ते पहिलंच बरोबर होतं रे. परत पॅलेट कर."