कमी पिळाची वात

सुर्वेकाकांना नळी दिसली की एक डोळा मिटून आत बघितल्याशिवाय राहवत नाही. कसलीही नळी. प्लंबरच्या खांद्यावरचा पाइप, गुंडाळलेलं कॅलेंडर, काही चालतं. माझ्या लेकीच्या वाढदिवसाला त्यांनी तळलेली पिवळी नळी उजेडाकडे धरली, आरपार बघितली, "आत खाचा नाहीत, बाकी सरळ आहे," असा दाखला दिला आणि मगच खाल्ली.

बेलवलीत आमची दारं समोरासमोर. काका अंबरनाथला कारखान्यात बंदुकीच्या नळ्या तपासायचे. रिटायर झाले, पण नळी काही डोक्यातून निघाली नाही. तिच्यात म्हणे स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी फिरते, आणि फिरते म्हणून सरळ जाते.

"मंजू, खाचांचा पीळ कमी पडला की गोळी डगमगते. कागदावर गोल भोक पडायचं, ते लांबट पडतं. आणि पीळ अती झाला, तर पातळ कवचाची गोळी हवेतच फुटते. निशाणापर्यंत पोचतच नाही."

"मग बरोबर पीळ कुठला?"

"गोळीप्रमाणे पीळ! लांब गोळीला जास्त, बुटकीला कमी."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सोसायटीचा सेक्रेटरी मीटिंगमध्ये भरकटला की काका पुटपुटणार, "पीळ कमी." लेकीला मी तीन तीन क्लास लावले, तर दारात उभे राहून म्हणाले, "कवच पातळ आहे गं पोरीचं. फुटेल." अस्सा राग आला मला! पण एक क्लास मी बंद केला.

काकूंपुढे मात्र त्यांची डाळ शिजत नसे. काकू बहिणीशी फोनवर गप्पा मारत, पाण्याचं बोट लावून देवाच्या वाती वळायच्या. कशातरीच. संध्याकाळी दिवा लागला की ज्योत कलायची, तडतडायची, आणि काकांचा आवाज थेट आमच्या घरात यायचा, "अगं, पीळ कमी झालाय!"

स्वयंपाकघरातून काकू ओरडायच्या, "बंदूक कारखान्यात ठेवून या!"

रोज. तो आवाज आला की आम्ही कुकर लावायचो.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मूलबाळ नाही. महिनाभराने एके दिवशी काका कापूस घेऊन वाती वळायला बसले. काय त्या वाती! सगळ्या एकसारख्या, मशीनमधून काढल्यासारख्या. अख्ख्या बिल्डिंगला वाटल्या. दुसऱ्या दिवशी दारोदार चौकशी, "कशी जळते?" सरळ जळायची हो, हूं की चूं न करता. बायका कौतुक करायच्या आणि काका उतरल्या चेहऱ्याने घरी जायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचं समाधान म्हणून कशाने होतच नाही.

परवा तिन्हीसांजेला डाळिंब्यांची उसळ द्यायला गेले. घरात अंधार. देवापुढे दिवा नाही.

"काका, सगळ्या बिल्डिंगला वाती देता आणि तुमच्या घरी?"

"तिने वळलेल्या संपल्या," ते म्हणाले. "मी तशी करायला बघतोय. पीळ सैल करून बघितला, पाणी लावून बघितलं. हात ऐकत नाही गं. सरळच होते. आयुष्यभर चुका बाद करत आलो, आता तिची एक चूक जमत नाही. आणि सरळ वात आवाजच करत नाही. घर कसं गप्प होतं!"

उसळ ठेवली आणि कापूस घेऊन तिथेच बसले. पाण्याचं बोट लावलं, लेक काल काय काय बोलली ते काकांना सांगत सांगत वात वळली. हाताकडे बघितलंच नाही. दिवा लावला.

ज्योत कलली. तडतडली.

काका ताठ बसले. एक डोळा मिटून ज्योतीकडे बघितलं, आणि सवयीनं मान स्वयंपाकघराकडे वळवून मोठ्यानं म्हणाले, "अगं, पीळ कमी झालाय!"

त्यावरचं उत्तर मला पाठ होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण ते काकूंचं होतं. मी दिव्यात आणखी थोडं तेल घातलं आणि दोघांसाठी चहा टाकायला आत गेले.