आनंदा मेटकरी शाळा बघायला जातो

आनंदा मेटकरी कुठल्याही शाळेच्या दारात पोचला की आधी चपला काढतो आणि मग भांडतो. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शाळा म्हणजे त्याला देऊळ, तेव्हा चपला घालून आत जायचं नाही. आणि आत जे चाललेलं असतं ते त्याला बघवत नाही, तेव्हा गप्प बसायचं नाही. भांडून झालं की तो रागारागात तसाच अनवाणी बाहेर पडतो, तापलेल्या डांबरावर दोन उड्या मारतो, आणि आत्ताच ज्यांचा उद्धार केला त्यांच्याच दारात चपला शोधायला परत जातो. तिथं पुन्हा एकदा भांडण होतं.

साताऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत. मी निवृत्तीला आलेली, तो चाळिशी ओलांडलेला. मूळचा आटपाडीकडचा. घराणं मेंढरं राखणारं, आता थोडी डाळिंबंही आहेत. त्याचं नाव आनंदा ठेवणाऱ्यांनी पाळण्यात काय बघितलं देव जाणे, मी त्याला कधी आनंदात पाहिलेला नाही. चहा गार आला तर राग, गरम आला तर "जीभ भाजतोस व्हय रं?" म्हणून राग. पंखा वाजतो म्हणून राग, आणि बंद पडला की वीजवाल्यांवर राग. पण हे सगळे किरकोळ. त्याचा जिवापाड जपलेला राग म्हणजे लहान मुलांच्या शाळा आणि शिबिरं.

त्याला एकच मुलगी, जुई. बायको रेखा सरकारी दवाखान्यात नर्स. शांत बाई आहे. दिवसभर दवाखान्यात ओरडणारी माणसं बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन आणखी एक, असा तिचा दिनक्रम.

जुई साडेतीन वर्षांची झाल्यावर आनंदाची शाळा-शोधमोहीम सुरू झाली. पहिली शाळा इंग्रजी माध्यमाची, गुळगुळीत फरशीची. तिथं प्रवेशाआधी मुलांची मुलाखत होती. बाईंनी विचारलं, आवडता रंग कोणता? जुई म्हणाली, "म्हशीचा."

"बेटा, असा रंग नसतो," बाई म्हणाल्या.

"नसतो?" मागून आनंदा उठला. "मग म्हस काय बिनरंगाची हाय?"

तरीही प्रवेश मिळाला. वर्षअखेरीला मात्र बालवर्गाच्या पोरांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या घालून पदवीदान ठेवलं होतं. मार्च महिना, पोरं घामानं निथळत होती. एकीला झग्यातच शू झाली. आनंदा स्टेजवर चढला आणि माइकवर म्हणाला, "आजून शेंबूड पुसता येत न्हाई आन पदवी देताय? लाज वाटती का?" जुईचं नाव त्या शाळेतून गेलं.

दुसरी शाळा अगदी उलट्या टोकाची. शहराबाहेर, आंब्याच्या झाडांत. तिथं वर्ग नव्हते, पुस्तकं नव्हती, वेळापत्रक नव्हतं. बाईंना बाई म्हणायचं नाही, 'सखी' म्हणायचं. मूल आपल्या मनानं शिकतं, आपण फक्त बघायचं. आनंदानं तीन महिने कसेबसे काढले. एक दिवस तो लवकर गेला तर जुई झाडाखाली एकटीच बसलेली, एका मुलानं तिचा डबा खाल्लेला, आणि सखी लांबून फक्त बघत होती.

"तिला तिचा मार्ग सापडू दे," सखी म्हणाली.

"भुकेल्या पोरीला कसला मार्ग सापडतोय? तुमी बघत काय बसलाय? पोर हाय का परयोग?"

हे त्याचं लाडकं वाक्य. कचेरीत दिवसातून चारदा ऐकू येतं. त्या दिवशी तो एवढा ओरडला की एक सहा वर्षांचा मुलगा येऊन त्याचा हात धरून म्हणाला, "काका, तुम्हाला राग आलाय. शांत कोपऱ्यात बसा." तिथं चटई होती, दोन उशा होत्या, आणि मेटकरीला त्या मुलानं खरोखर तिथं नेऊन बसवलं. पोरावर ओरडता येईना, आणि उठताही येईना. पाच मिनिटं मांडी घालून, उशी पोटाशी धरून, तो धुमसत बसला. उठला तो जुईला खांद्यावर घेऊनच.

मग कोरेगावजवळचं उन्हाळी शिबिर. 'मुलांना मातीशी जोडा' असं काहीतरी होतं. नव्या कोऱ्या पटक्यातला एक जण मेंढीला मानेला धरून उभा, आणि रांगेनं मुलं येऊन तिच्याबरोबर फोटो काढतायत. आनंदा तर मेंढरांत जन्मलेला माणूस. त्यानं एकदा त्या मेंढीकडं बघितलं, एकदा त्या पटक्याकडं. "आरं, तिला श्वास घ्यू दे की! तुझी मान धरू का आशी?" मेंढी सोडवून तो सावलीला घेऊन बसला आणि तिला पाणी पाजलं. मुलं फोटोची रांग सोडून त्याच्याभोवती जमली. आयोजकांनी त्याला बाहेर जायला सांगितलं. तो गेला, जुईला घेऊन गेला, आणि मेंढीपण न्यायला निघाला होता, ती रेखानं अडवली.

आता खरं सांगायचं तर यातल्या प्रत्येक भांडणात तो बरोबर होता, आणि मला त्याचाच राग येत होता. तसा या शाळा-शिबिरांचा राग मलाही येतो. वर्तमानपत्रातून पडणारी ती रंगीत पत्रकं मी बघते. आमच्या कचेरीतल्या तरुण आया डबा खाता खाता एकमेकींना शिबिरं सांगतात. घोडेस्वारी, कोडिंग, संस्कार आणि मातीकाम, सगळं एकाच सुट्टीत. पाच वर्षांच्या मुलाच्या दुपारी मोकळ्या राहिल्या तर जणू घरावर दरोडा पडेल. एकीचा मुलगा तीन शिबिरं करून तापानं आडवा झाला, तर ती म्हणाली, चौथ्याचे पैसे भरलेत हो. माझ्या हातातली पोळी तिथंच राहिली.

पण आनंदाच्या रागाचं फळ कोण खात होतं? ते मला एका रविवारी कळलं. त्याच्या घरी गेले होते. जुई पाच सरून सहाव्या वर्षात लागलेली. मी सहज म्हटलं, "मग काय जुई, जूनमध्ये नवी शाळा?"

तिनं हातातला खडू न थांबवता विचारलं, "तिथं कधीपर्यंत?"

"म्हणजे गं?"

"म्हणजे तिथून कधी निघायचं?"

दुसऱ्या दिवशी मी टेबलावरची फाइल आपटली. "आनंदा, तुला शाळा शोधायचीय की भांडायला जागा शोधायचीय? पोरीला मैत्रीण म्हणून एक नाही. नाव पाठ व्हायच्या आत तू तिला उचलतोस. आता तूच सांग, परयोग कोण करतंय?"

आनंदाचे कान लाल झाले. "ताई, तुमी मोठ्या हायसा म्हनून ऐकतोय," एवढंच म्हणाला, आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. गार चहासुद्धा मुकाट्यानं प्यायला.

त्याच सुमारास रेखाची बदली वाईला झाली. जूनपासून सगळ्यांनी तिथंच राहायला जायचं ठरलं. रेखानं वाईबाहेरची एक छोटी शाळा बघितली आणि नवऱ्याला न विचारता जुईचं नाव घातलं. शाळेआधी आठवडाभराचं सकाळचं शिबिर होतं, मुलांना जागेची सवय व्हावी म्हणून. पहिल्याच दिवशी रेखाची ड्युटी आली. तिनं मला फोन केला. "ताई, तुम्ही यांच्याबरोबर जाल का? पोरीला आत सोडून हे एकटे बाहेर आले पाहिजेत. एवढंच बघा."

त्याच्या गाडीत पुढं मी, मागं जुई आणि आनंदाची आई. म्हातारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आटपाडीहून आली होती. डोळ्याला काळा चष्मा. तिला वाईची कृष्णा बघायची होती.

शाळा म्हणजे चार कौलारू खोल्या, एक चिंच आणि दगडी कुंपण. आनंदानं गेटवर चपला काढल्या. मी मनात म्हटलं, आता सुरू.

बाई पन्नाशीच्या होत्या. म्हणाल्या, "पालकांनी इथूनच निरोप घ्यायचा. बारा वाजता या."

"आन रडली तर?"

"रडेल थोडी. आम्ही जवळ आहोत."

"थोडी म्हंजे? मोजून रडवताय व्हय? आन मी गेटाभायेर का? मी काय चोर हाय? पोर तुमाला द्यायचं आन आमी त्वांड फिरवून जायाचं, ही कुठली रीत?" आवाज चढत चढत चिंचेवरच्या साळुंक्यांपर्यंत पोचला. इतर आईबाप आपापली मुलं जवळ ओढू लागले. मी त्याची बाही धरली, त्यानं ती झटकली.

तेवढ्यात जुई म्हणाली, "पप्पा, नका ना ओरडू. तुम्ही ओरडला की माझी शाळा जाते."

ती रडत नव्हती. पाऊस आला की कपडे भिजतात, अशा सुरात तिनं ते सांगितलं.

बाईंनी हात पुढं केला. जुईनं तो धरला आणि ती आत गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

मी त्याला म्हटलं, "चल, घाटावर जाऊन येऊ. आईंना नदी दाखवू." त्यानं ऐकलंच नाही. कुंपणाच्या कडेनं तो मागच्या बाजूला गेला, एका धोंड्यावर चढला आणि भिंतीवरून डोकं काढून आत बघू लागला. सरकारी नोकरीतला, पोट सुटलेला माणूस, अनवाणी पायांच्या चवड्यांवर.

"उतर आनंदा! कुणी बघितलं तर पोलिसांना बोलावतील," मी ओरडले. आता माझा संयम संपला होता.

म्हातारी सावलीला दगडावर टेकली होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हुबा. ह्येचा बा बी आसाच हुबा हुता."

आनंदानं मान वळवली. "कवा?"

"तुला आटपाडीत वसतिगृहात घातला तवा."

हे मला नवीन होतं. आनंदा धोंड्यावरून उतरला. माझ्याकडं बघून, पण खरं तर आईला ऐकवत, तो म्हणाला, "सा वर्सांचा हुतो ताई. मेंढरं घिऊन ही दोघं खाली नदीकडं चालली हुती, पार पावसाळ्यात परत येनार. मला दारात सोडलं. मी आबाचं धोतर धरलं तर त्येनं माझी बोटं सोडवली आन गेला. मागं वळून बघितलं न्हाई. एकदा बी न्हाई. मी तिथंच बसून ऱ्हायलो." त्याचा आवाज पुन्हा चढला. "मानूस म्हनायचं का त्येला?"

"आरं, गेला कुठं त्यो?" म्हातारी म्हणाली. "मेंढरं म्होरं, कुत्री म्होरं, पाठीला तुझी भन बांधलेली, आन मी एकलीच हाकतीया. मागं बघती तर ह्यो न्हाई. मेंढरं एकाच्या वावरात कोंडली आन म्हागारी आली. तर वसतिगृहाच्या म्होरं बाभळीमागं हुबा. पटका तोंडात कोंबलेला. आवाज भाईर यायला नगं म्हनून. तू दारात बसलेला दिसत हुतास. उन्हं कलल्यावर पोरांनी तुला आत न्हेलं, तवा हलला त्यो. वढून न्हेला म्या."

आबा जाऊन बरीच वर्षं झाली, एवढं मला ठाऊक होतं. अंत्यविधीला आनंदा वाटणीच्या भांडणातून थेट स्मशानात गेला होता, असं तोच एकदा म्हणाला होता.

"आन हे आत्ता सांगतीस व्हय?" आनंदा गरजला. आत मुलांचा गलका क्षणभर थांबला असावा, इतक्या मोठ्यानं. "आत्ता? त्यो गेल्यावर?"

म्हातारीनं काळा चष्मा नीट केला. "त्येनं शपथ घातली हुती. पोरगं पळून यील म्हनला, शिकायचं ऱ्हाईल. आन तू तरी कवा इचारलंस? आला की भांडत आलास, गेला की भांडत गेलास."

मला वाटलं, आता हा भिंत पाडणार. मी मधे पडायच्या तयारीत होते. पण आनंदा खाली बसला, आईच्या दगडाशी, मातीतच. आत कुणीतरी मुलांना गाणं शिकवत होतं, आणि त्यात जुईचा आवाज असेल-नसेल, ओळखू येत नव्हतं. बराच वेळ त्यानं पायाच्या तळव्याला लागलेले खडे काढले.

मग ज्या आवाजात मी त्याला कधीच बोलताना ऐकलं नव्हतं, त्या आवाजात त्यानं विचारलं, "आये, कंच्या बाभळीमागं?"

म्हातारीनं वाकून, बोटानं, मातीत आटपाडीचा रस्ता काढायला सुरुवात केली.